थांबणारा बाप

३ फेब्रुवारी

ही काल गेली. नर्सिंगचं पुढचं शिक्षण, परगावी, सहा महिने. गाडीत बसताना माझ्या हातात ही डायरी कोंबली आणि म्हणाली, "तुझी बडबड ऐकायला मी नाही आता. हिच्यात कर." ठमीसमोर बडबड करायची नाही असा बाईंचा हुकूम, आणि गिऱ्हाइकं तरी किती सहन करणार? म्हणून इथे.

ठमी आमची मुलगी, चार वर्षांची. ऐकू सगळं येतं, कळतंही सगळं, पण तोंडातून शब्द नाही. न बोलणाऱ्या मुलांसाठी गावात एक केंद्र आहे, तिथल्या बाई तिला चित्रांनी बोलायला शिकवतायत. एक जाडजूड फाईल आहे. तिच्या पानांवर छोटी छोटी चित्रं चिकटपट्टीने लावलेली: बिस्किट, दूध, चेंडू, आई, बाबा, थांब, अजून, संपलं. खाली एक सुटी पट्टी. ठमीने चित्रं उचकटायची, पट्टीवर ओळीने लावायची आणि ती पट्टी समोरच्या माणसाच्या हातात द्यायची. माणसाने एकेका चित्रावर बोट ठेवून मोठ्याने वाचायचं आणि मागितलेलं द्यायचं. सध्या आमची मजल 'मला हवं' आणि 'बिस्किट' इथवर.

बाई म्हणतात, विचारू नका, सुचवू नका, हात पुढे करून नुसते थांबा, ती बोलेल. आता मी न्हावी माणूस. दाढीला बसलेला गप्प असतो कारण त्याच्या तोंडाला फेस असतो, मी कशाला गप्प बसू? थांबणं मला जन्मात जमलेलं नाही. आज ठमीने फाईल नुसती उघडली तर मी तीनदा विचारलं, बिस्किट हवं का, बिस्किट? बाईंनी बघितलं असतं तर मला कोपऱ्यात उभं केलं असतं.

खरं सांगायचं तर ही गेल्यापासून एकच विचार येतो. एवढीशी पोर. उद्या कशाला घाबरली, कुठे काही झालं, तर सांगणार कशी? फाईलमध्ये चेंडूचं चित्र आहे. भीतीचं कुठे आहे?

११ फेब्रुवारी

आज छाती फुगून सदरा तंग झाला! केंद्रातल्या खोलीत मी आणि ठमी समोरासमोर बसतो, आणि बाई माझ्या पाठीमागच्या भिंतीतल्या काचेतून पलीकडून बघतात. तास संपल्यावर बाई टाळ्या वाजवत आत आल्या. "काय थांबलात हो आज! हूं नाही की चूं नाही. इतके आईबाप येतात, असं थांबणं कुणाला जमत नाही. आणि बघा तिने काय केलं. मला हवं, अजून, केळं. तीन चित्रं!"

मी म्हटलं, "अहो, तुमचीच शिकवण." पण मनातल्या मनात चक्रावलो. मला वाटलं होतं ठमीने पट्टी लगेच दिली. मी हात पुढे केला आणि पट्टी हातात होती, मध्ये थांबलो कधी? गुंगलो असेन पोरीकडे बघता बघता. जाऊ दे. कौतुक फुकट मिळत असताना हिशेब कोण मागतो.

१६ फेब्रुवारी

दोन दिवस जळक्या रबराचा वास येतोय. सलूनमधला केस वाळवायचा पंखा उघडून बघितला, वायर ठीक आहे. घरी शेगडीमागे डोकं घालून बघितलं. ताई, म्हणजे माझी थोरली बहीण, जी दोन गल्ल्या सोडून राहते, ती म्हणाली, "मला कसलाच वास येत नाही, तुझं नाक तपासून घे." दूध मात्र खरंच जळलं. मी समोर उभा असताना उतू जाऊन पातेलं काळं पडलं. ताईने भुवया वर केल्या. ही गेल्यापासून तिचं एकच पालुपद आहे की तुला एकट्याला पोर झेपणार नाही, तिची आई येईपर्यंत ठमी माझ्याकडे राहू दे. मी म्हटलं, दूध उतू जाणं हा काही गुन्हा आहे का?

ठमीला नवी खोड लागलीय. माझ्यासमोर उभी राहते, नजर एका जागी लावते आणि तोंडाने मच् मच् करते, काहीतरी चघळल्यासारखं. भूक लागली असेल म्हणून बिस्किट दिलं. तिने ते माझ्याच तोंडात कोंबलं.

२४ फेब्रुवारी

लिहावं की नाही कळत नाही. संध्याकाळी चहा घेऊन बसलो होतो. चहा गार झालेला दिसला आणि मांडीवर पट्टी. पट्टीवर दोन चित्रं. बाबा. संपलं.

'संपलं'चं चित्र म्हणजे रिकामी ताटली आणि दोन उघडे तळहात. दूध संपलं, खेळ संपला, तेव्हा लावायचं. त्याच्या शेजारी माझा फोटो. ठमी माझ्याकडे असं बघत होती की, काय सांगू, मी तिच्याकडे बघू शकलो नाही. मी विचारलं, "काय संपलं गं? बाबा आहे ना इथे." तिने मान वळवली आणि ठोकळे खेळायला गेली.

ठमी नीट खेळतेय, आणि मी मात्र ती पट्टी हातात घेऊन बसलोय.

२५ फेब्रुवारी

बाईंना सांगितलं. मला वाटलं त्यांचंही तोंड उतरेल. बाई तर खुर्चीतून उठल्याच. "अहो, तुम्हाला कळतंय का काय झालंय? आजवर ती फक्त मागत होती. काल तिने सांगितलं! कुणी न विचारता!" मग म्हणाल्या, सुरुवातीला मुलं अशीच दोन चित्रं जवळ आणून वाक्य बनवतात, मोठ्यांना ती विचित्र वाटतात, दुरुस्त करायची नाहीत. तुम्ही उठून गेला असाल, तेव्हा म्हणाली असेल.

मी उठून गेलो नव्हतो. पण बाईंचा आनंद मोडवेना. "तुमच्या थांबण्याचं फळ आहे," असं म्हणाल्या. मी हसलो. घरी येऊन फाईलमधून 'संपलं' काढलं आणि कपाटावर ठेवलं. मग ठमी दूध पिऊन झाल्यावर पानावरच्या रिकाम्या जागेवर बोट ठेवून रडायला लागली. मुकाट्याने परत लावलं. पोरीच्या तोंडाला कुलूप लावणारा मी कोण?

४ मार्च

आता चार चित्रं. बाबा, संपलं, अजून, बाबा. आज सकाळी बूट घालायला वाकलो होतो, वर बघतो तर हातात पट्टी.

मी सगळ्या बाजूंनी विचार केला. अजून बाबा म्हणजे काय? दुसरा बाबा? हा नको, नवा आणा? तिची आई गेली ती माझ्यामुळे असं वाटतं का तिला? माझ्यावर रागावलीय का?

नेमकी ताई भाजी घेऊन आली आणि तिने पट्टी वाचली. ताई एरवी खमकी बाई, पण तिचा चेहरा पांढरा पडला. "लहान मुलांना आधी कळतं म्हणतात," ती हळूच म्हणाली.

"काय कळतं?"

"काही नाही. तू प्रकृती दाखवून घे."

"ताई, ती चार वर्षांची आहे. तिला केळं आणि काकडी यात फरक कळत नाही!"

"मग ठमीला माझ्याकडे पाठव थोडे दिवस. तुझा चेहरा बघ आरशात."

"दिवसभर आरशासमोरच असतो मी," मी म्हटलं, आणि नको तेवढा ओरडलो. ठमीने कानांवर हात ठेवले. ताई गेल्यावर मी आरशात बघितलं. चेहरा नेहमीचाच आहे. डोळ्यांखाली जरा काळं आहे, ते सगळ्यांनाच असतं.

डॉक्टरकडे जाणार नाही. काही निघालं तर ताईच्या हातात कोलीत. ठमी त्या घरात गेली तर तिची पट्टी वाचणार कोण? ताईला चष्म्याशिवाय आई आणि बाबा यांचे फोटो ओळखू येत नाहीत.

९ मार्च

आज ठमीवर हात उगारला. मारलं नाही, पण उगारला.

केंद्रातून परत येताना मोठा रस्ता ओलांडायचा असतो. तिचा हात माझ्या हातात. रस्त्याच्या मध्यावर येऊन ही बया फतकल मारून खाली बसली आणि माझी विजार दोन्ही हातांनी धरली. चारी बाजूंनी गाड्यांचे भोंगे. एक ट्रकवाला खाली उतरून मला शिव्या घालत होता, "मरायचंय का? पोरीला घेऊन पुतळ्यासारखा उभा राहतोस!" मी उभा होतो कारण पोरगी उठत नव्हती, हे त्याला कोण सांगणार? तिला उचलून पळत पलीकडे नेली. तिथे ओरडलो. असा हट्ट घरी कर, रस्त्यात करायचा नाही, गाडीखाली गेलो असतो दोघं!

ती रडली नाही. फाईल उघडली, लाल पंजाचं 'थांब' काढलं आणि माझ्या शर्टाला चिकटवलं. शर्टाला चिकटेना, सारखं पडत होतं. ती सारखं उचलून लावत होती.

१२ मार्च

मिशीवाले काका दर महिन्याला येतात, त्यांना मिशी म्हणजे जीव की प्राण. आज त्यांची मिशी करताना काका म्हणाले मास्तर जरा डावीकडून म्हणाले मास्तर जरा डावीकडून मास्तर

हे असं का लिहिलंय मी? आणि वाक्यापासून पानाच्या खालच्या टोकापर्यंत ही रेघ कुणी ओढली? ठमीच असणार, कोपराला धक्का दिला असेल. पण ती तर समोर बसलीय, आणि माझ्या मांडीवर फाईलमधली सगळी चित्रं पडलीत. सगळी. दूध, चेंडू, आई, जोडे, साबण. फाईल रिकामी.

१४ मार्च

घाईत लिहितोय, अक्षर लागलं तर लागलं.

मिशीवाले काका परत आले होते, परवाची मिशी एकीकडे तोकडी झाली म्हणून. आधी दाढी करून घ्या म्हणाले. वस्तरा गळ्याजवळ होता. जळक्या रबराचा वास आला एवढं आठवतं. मग एकदम काका खुर्चीच्या पार टोकाला, माझं मनगट त्यांच्या दोन्ही हातांत, आणि पांढऱ्या फेसात लाल रेघ. बारीकच. पण गळ्यावर.

"मास्तर," काका म्हणाले, "मी तुम्हाला चारदा हाक मारली."

मी म्हटलं, रात्री झोप झाली नाही. तुरटी लावली. काका भले माणूस, कुणाला काही बोलले नाहीत, पण उठताना आपल्या गळ्याला हात लावून बघत होते. मी वस्तरा खणात टाकून कुलूप घातलं. हात दुखतो असं सांगून यापुढे फक्त कात्री.

संध्याकाळी हिचा फोन आला. "आवाज असा का?" तिने विचारलं. मी म्हटलं, सर्दी. "ठमी काय बोलते?" मी म्हटलं, "मस्त बोलते. चार चार चित्रांची वाक्यं!" ती पलीकडे आनंदाने रडायला लागली. मला सांगायचं होतं की मला भयंकर भीती वाटतेय, माझ्यात कुठेतरी भोक पडलंय आणि त्यातून मी गळतोय. पण सांगितलं तर ती शिक्षण टाकून येईल, किंवा ठमी ताईकडे जाईल. सांगितलं नाही.

१९ मार्च

आज झालं ते जसं कळलं तसं लिहितो, कारण मी तिथे असून नव्हतो.

केंद्रात नेहमीसारखे बसलो. मी हात पुढे केला. पुढचं जे आठवतं त्यात बाई माझ्यासमोर गुडघे टेकून बसल्या होत्या आणि माझं नाव घेऊन हाका मारत होत्या. ठमी त्यांच्या मागे, त्यांचा पदर मुठीत धरून. दार सताड उघडं.

मधलं सगळं बाईंनी सांगितलं. त्या काचेमागे खूष होऊन बघत होत्या. ठमी पट्टी माझ्या हातात ठेवत होती, उचलत होती, चित्रं वाढवत होती, परत ठेवत होती. मग ती उठली. माझ्या तोंडाजवळ तोंड आणून बघितलं, पट्टी माझ्या हातातून काढून घेतली, दाराची कडी काढली, बाहेरून वळसा घालून काचेमागच्या खोलीत गेली आणि पट्टी बाईंच्या हातात दिली. आजवर तिने माझ्याशिवाय आपणहून कुणालाच पट्टी दिली नव्हती. पट्टीवर होतं: बाबा, संपलं, मला हवं, बाबा.

"मी ते वाचलं," बाई म्हणाल्या, "आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा, तास चालू असताना तुमच्या समोर येऊन तुमचा चेहरा बघितला." मग म्हणाल्या, "माझी काच तुमच्या पाठीमागे. मला तुमची पाठ दिसायची आणि तिचं तोंड. ती तुमच्या हातात चित्रामागून चित्र ठेवायची आणि तुम्ही वाचायचा नाही. मला वाटलं, काय बाप आहे, मोठ्या वाक्यासाठी अडून बसलाय. मी बाकीच्या पालकांना तुमचं उदाहरण द्यायचे हो."

मी विचारलं, "मी काय करत होतो?"

बाईंनी नजर एका जागी लावली आणि तोंडाने मच् मच् केलं.

२३ मार्च

ताई हाताला धरून डॉक्टरकडे घेऊन गेली. डोक्याला तारा लावून आलेख काढला. डॉक्टर म्हणाले, हे झटके आहेत. माणूस पडत नाही, ओरडत नाही, नुसता आतून बंद होतो, आणि परत येतो तेव्हा त्याला ते ठाऊकही नसतं. जळका वास हीच त्याची चाहूल. गोळ्यांनी आटोक्यात येतं. तोवर वस्तरा नाही, शेगडी नाही, एकट्याने रस्ता नाही, आणि पोरीसोबत एकटं राहायचं नाही.

शेवटचं ऐकून मी ताईकडे बघितलं. आता ही म्हणणार, मी सांगत होते. ताई म्हणाली, "माझं अंथरूण तुझ्या बाहेरच्या खोलीत टाक. मी येते." आणि मग डॉक्टरांसमोरच माझ्या डोक्यात टपली मारली. "गाढवा, भररस्त्यात पोरीने धरून ठेवलं तुला."

हिला फोनवर सगळं सांगितलं. रविवारी येऊन जाते म्हणाली.

आजारापेक्षा दुसरीच गोष्ट मला कुरतडतेय. सगळे जिला प्रगती म्हणत होते ती काय होती? एका चित्राने बाबा उठत नाही, म्हणून दोन. दोनाने उठत नाही, म्हणून चार. मी मिटक्या मारत होतो आणि पोर माझ्या उघड्या हातात हाका मारत होती. शेवटी सगळी फाईल रिकामी केली होती तिने.

२० एप्रिल

गोळ्या लागू पडल्यात. वास येत नाही. झोप मात्र येते, म्हशीसारखी.

ठमी मात्र मागे गेली. परत 'मला हवं' आणि 'बिस्किट'. बाई काळजीत आहेत, पण मला सांगायची त्यांना हिंमत होत नव्हती. आज शेवटी म्हणाल्या, "डॉक्टरांनी हरकत घेतली नसेल, आणि ताई घरात असतील, तर पुन्हा जरासं थांबून बघा. खरंखुरं थांबणं. अगदी थोडं."

बघितलं. ताई गच्चीत कपडे वाळत घालत होती. ठमीने पट्टी आणून दिली. मी हात पुढे धरला आणि गप्प राहिलो. तोंड बंद, नजर तिच्याकडे. पूर्ण शुद्धीत होतो, म्हणून पहिल्यांदाच बघितलं की मी असा थांबलो की तिचं काय होतं. चेहऱ्यावरचा रंग उतरला. श्वास आत घेतला तो बाहेर येईना. मी "अगं" म्हणेपर्यंत ती गच्चीकडे सुटली होती, आणि ताईला ओल्या कपड्यांसकट ओढत घेऊन आली.

"काय झालं रे?" ताई ओरडली.

"काही नाही, काही नाही! मी नुसता थांबलो होतो. ठमे, हा बघ, मी आहे!"

ठमीने ताईचा हात सोडला. माझ्याकडे आली, डोळ्यांत बघितलं, मी मुद्दाम थांबलो होतो हे तिला कळलं. आणि मग तिने ती जाडजूड फाईल उचलली आणि दोन्ही हातांनी माझ्या डोक्यात घातली. परत घातली. तिने कुणाला मारलेलं मी आजवर बघितलं नव्हतं. चित्रं घरभर उडाली. ताई अडवायला आली, मी म्हटलं, "मारू दे तिला." चांगला मार होता. एक कान अजून दुखतोय.

बाईंना फोन करून सांगितलं की थांबणं आमच्या घरात बंद. ती दोन चित्रांनी बोलू दे नाहीतर एका, मी उत्तर देणार, लगेच देणार. बाई म्हणाल्या, "बरोबर आहे तुमचं."

मग दुपारभर ती माझ्या मांडीवर माझ्याकडे तोंड करून बसली, आणि मी बोलत राहिलो. सलूनमधली भांडणं सांगितली, काकांच्या मिशीचा इतिहास सांगितला, तिची आई या रविवारी परत येईल तेव्हा आपण तिघं काय काय करू ते सांगितलं. मी दम खायला थांबलो की ती माझी हनुवटी धरून हलवायची. घसा बसलाय. आता ती शेजारच्या खोलीत ठोकळे रचतेय आणि मी हे मोठ्याने म्हणत म्हणत लिहितोय. ठोकळ्यावर ठोकळा ठेवल्याचा आवाज येतोय, आणि मी शब्द आठवायला थांबलो की तोही थांबतो. आत्ता थांबला होता. म्हणून काहीही लिहितो. ताईने भात टाकलाय. गच्चीतला टॉवेल वाऱ्याने खाली गेला असेल, आणायला हवा. सलूनच्या दाराला तेल हवंय, करकरतं. उद्या ठमीची नखं कापायची. ताई विचारतेय, एकटाच काय बडबडतोस? ठमीसाठी, ताई, ठमीसाठी. नखं कापायची, आणि केसही वाढलेत तिचे, कानावर यायला लागलेत, पुढून थोडे कापायचे, मागून